कोरलेला प्रोसेसर, लिहिलेला प्रोसेसर

६ ऑगस्ट २०१२. भारतात सकाळचे पावणेअकरा वाजले होते आणि नासाची ‘क्युरिऑसिटी’ ही गाडी मंगळावरच्या गेल विवरात उतरत होती. गाडीला खाली तोंड करून बसवलेला ‘मार्डी’ हा कॅमेरा उतरण्याचा शेवटचा टप्पा टिपत होता. गाडीच्या मुख्य संगणकातला आरएडी७५० हा प्रोसेसर किरणोत्सर्गात टिकून राहावा म्हणून मुद्दाम घडवलेला होता. पण मार्डी, मास्तुलावरचे दोन ‘मास्टकॅम’ आणि यांत्रिक हाताच्या टोकाचा ‘माहली’ या चार कॅमेऱ्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये प्रोसेसरची अशी वेगळी चिप नव्हतीच. तिथे झायलिंक्स कंपनीची व्हर्टेक्स-टू ही कोरी, हवी तशी जुळवता येणारी चिप होती. सॅन डिएगोच्या मेलिन स्पेस सायन्स सिस्टिम्समधल्या अभियंत्यांनी तिच्यात मायक्रोब्लेझ नावाचा प्रोसेसर भरला होता. छायाचित्र घेणं, आकुंचित करणं, ते गाडीच्या संगणकाकडे पाठवणं ही सगळी कामं या प्रोसेसरच्या देखरेखीखाली चालत.

हा प्रोसेसर कारखान्यात कोणी कोरला नव्हता, तो लिहिला गेला होता. या प्रकाराला सॉफ्ट कोअर म्हणतात. व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉगसारख्या भाषेत प्रोसेसरची रचना मजकुराच्या रूपात असते, सॉफ्टवेअर त्या मजकुराचं जोडणीच्या नकाशात रूपांतर करतं आणि चिप चालू होताना तो नकाशा तिच्यात उतरतो. हार्ड कोअरचं याच्या उलट असतं. चिप तयार होतानाच सिलिकॉनच्या एका कोपऱ्यात प्रोसेसर कायमचा कोरला जातो, आणि उरलेला भाग तेवढा ग्राहकाने हवा तसा जुळवायचा. यांपैकी कोणता चांगला, यावर गेली पंचवीस वर्षं वाद चालू आहे. वरवर पाहता हा वेगाचा प्रश्न दिसतो. प्रत्यक्षात काय घडलं ते क्रमाने पाहिलं, की वेगापेक्षा दोन गोष्टींनी निकाल फिरवल्याचं दिसतं: प्रोसेसरच्या भोवती काय होतं, आणि त्या रचनेवर मालकी कोणाची होती.

सुरुवात १९८४ची, कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेची. झायलॉग कंपनीत काम करणाऱ्या रॉस फ्रीमन यांच्या डोक्यात एक विचार घोळत होता. ट्रान्झिस्टर दरवर्षी स्वस्त होत चालले आहेत, तर ते जपून वापरण्याऐवजी सढळ हाताने खर्च करावेत आणि त्या बदल्यात अशी चिप बनवावी, की जिचं काम ग्राहक आपल्या टेबलावर बसून ठरवेल. झायलॉगला त्यात रस नव्हता. फ्रीमन बाहेर पडले आणि बर्नार्ड व्हॉन्डरश्मिट व जेम्स बार्नेट यांच्यासह त्यांनी झायलिंक्स सुरू केली. कंपनीने स्वतःचा कारखाना काढला नाही, चिप जपानच्या सेइकोकडून बनवून घेतल्या. १९८५मध्ये एक्ससी२०६४ बाजारात आली. हीच पहिली एफपीजीए, म्हणजे ग्राहकाला हवी तशी जुळवता येणारी चिप. पुढे काय झालं ते पाहायला फ्रीमन राहिले नाहीत. १९८९मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले.

एक्ससी२०६४मध्ये ६४ तार्किक ठोकळे होते. प्रत्येकात लुकअप टेबल, म्हणजे उत्तरांचा एक छोटा तक्ता असतो. आत येणाऱ्या शून्य-एकांच्या प्रत्येक जोडणीला काय उत्तर द्यायचं ते तक्त्यात भरून ठेवायचं. तक्ता बदलला की ठोकळ्याचं काम बदलतं. ठोकळ्यांमधल्या तारा कुठे जोडायच्या आणि कुठे तोडायच्या, हेही अशाच मेमरीच्या बिटांनी ठरतं. ही लवचिकता महागात पडते, कारण जोडण्या आणि तक्ते सांभाळण्यातच बहुतेक ट्रान्झिस्टर खर्ची पडतात. या चिपवर सुमारे ८५,००० ट्रान्झिस्टर होते. इंटेलचा ८०८६ हा अख्खा प्रोसेसर २९,००० ट्रान्झिस्टरमध्ये बसला होता. तरीही एक्ससी२०६४मध्ये तो मावणं अशक्य होतं, कारण तिच्यात प्रत्यक्ष हिशेबाला उरणारं तर्कमंडल हजार-बाराशे गेटांएवढंच होतं.

त्यामुळे पहिली काही वर्षं एफपीजीएकडे हलकी कामं आली. दोन चिपमधली जुळवणी, पंधरा सुट्या भागांच्या जागी एक भाग, कारखान्यात चिप घडवण्याआधीची रंगीत तालीम. प्रोसेसर शेजारी, वेगळ्या चिपवर असायचा.

मग काही हौशी आणि जिद्दी अभियंत्यांना प्रश्न पडला, की प्रोसेसरच आत का बसवू नये? १९९१मध्ये फिलिप फ्रायडिन यांनी झायलिंक्सच्या एक्ससी४००५ या चिपमध्ये १६ बिटांचा रिस्क प्रोसेसर बसवून दाखवला. जॅन ग्रे यांनी १९९५मध्ये एक्ससी४०१०मध्ये ३२ बिटांचा प्रोसेसर उभा केला. ग्रे यांचं मोठं काम मात्र लेखनाचं आहे. २०००मध्ये ‘सर्किट सेलर’ या नियतकालिकात त्यांनी तीन भागांची लेखमाला लिहिली आणि एक्सआर१६ नावाचा छोटा प्रोसेसर कसा रचायचा, ते वाचकाला हाताला धरून सांगितलं. एलसीसी हा सी भाषेचा कम्पायलरही त्यांनी त्या प्रोसेसरसाठी वळवून दिला होता. हा तपशील महत्त्वाचा आहे. नुसता प्रोसेसर कोणाच्या कामाचा नसतो. त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिण्याची सोय असली, तरच तो वापरात येतो. झायलिंक्समध्येच केन चॅपमन यांनी आठ बिटांचा एक अगदी चिमुकला प्रोसेसर रचला होता. तो पुढे पिकोब्लेझ नावाने प्रसिद्ध झाला. स्पार्टन-३ चिपमध्ये त्याला अवघ्या ९६ स्लाइस पुरत. त्याची प्रत्येक आज्ञा घड्याळाच्या बरोबर दोन ठोक्यांत पूर्ण होई. किचकट क्रम सांभाळणारं मंडल हाताने रचत बसण्यापेक्षा पिकोब्लेझ टाकून चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिणं सोपं, हे अनेकांच्या ध्यानात आलं.

त्याच सुमारास काही कंपन्या उलट दिशेने निघाल्या होत्या. १९९७मध्ये स्थापन झालेल्या ट्रायसेंडने ८०५१ हा सर्वांच्या ओळखीचा मायक्रोकंट्रोलर कोरून त्याच्याभोवती जुळवता येणारं तर्कमंडल ठेवलं आणि पुढे एआरएम-७ घेऊन तसंच केलं. अ‍ॅटमेलने आपला एव्हीआर मायक्रोकंट्रोलर आणि आपलीच एफपीजीए एका चिपवर आणली. कल्पना चांगली होती, बाजार लहान होता. २००४मध्ये ट्रायसेंड झायलिंक्सने विकत घेतली.

खरी लढाई २००० साली पेटली. झायलिंक्सच्या कट्टर प्रतिस्पर्धी अल्टेराने त्या वर्षी एकाच ‘एक्सकॅलिबर’ या नावाखाली दोन्ही मार्ग जाहीर केले. एका हाताला निऑस हा सॉफ्ट कोअर. तो अल्टेराच्या चिपमध्ये कितीही वेळा वापरा, प्रत्येक उत्पादनामागे वेगळी रॉयल्टी नाही. दुसऱ्या हाताला हार्ड कोअर, एआरएम आणि एमआयपीएस या दोन घराण्यांतले. एमआयपीएसची चिप ग्राहकांच्या हाती कधी आलीच नाही. एआरएम९२२टी असलेली आली. तिचा प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झने चाले, सोबत मेमरी कंट्रोलर, टायमर, सिरियल पोर्ट अशी जुजबी सामग्रीही कोरलेली होती.

झायलिंक्सने त्याच वर्षी आयबीएमशी करार केला आणि मार्च २००२मध्ये व्हर्टेक्स-टू प्रो बाजारात आणली. १३० नॅनोमीटर तंत्र, सेकंदाला तीन अब्जांहून जास्त बिट वाहून नेणारे सिरियल दुवे, आणि तर्कमंडलाच्या अंगणात रोवलेले आयबीएमचे पॉवरपीसी ४०५ प्रोसेसर. काही चिपमध्ये एक, काहींत दोन. वेग ३०० मेगाहर्ट्झच्या वर. त्या काळातल्या सॉफ्ट कोअरच्या तुलनेत हा वेग दुप्पट ते तिप्पट होता. वेगळी प्रोसेसर चिप आता इतिहासजमा होणार, असं त्या दिवसांत अनेकांना मनापासून वाटत होतं.

तसं झालं नाही. कारण समजायला पॉवरपीसी ४०५च्या सभोवती पाहावं लागतं. प्रोसेसर कोरलेला होता, पण बाहेरच्या रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर कोरलेला नव्हता. सिरियल पोर्ट नव्हता, इंटरप्ट कंट्रोलर नव्हता. भाडेकरूला खोली दिली, पण नळ, चूल आणि वीज त्याने स्वतः ओढून घ्यायची, असं ते बिऱ्हाड होतं. ही सगळी सामग्री लुकअप टेबलांमध्ये रचावी लागे, म्हणजे प्रोसेसर वेगवान आणि त्याचे सगळे रस्ते संथ. शिवाय आधी एफपीजीएमध्ये नकाशा उतरला पाहिजे, तेव्हा कुठे प्रोसेसरला कामाला लावता येई. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला सकाळी येऊन लिनक्स चालू करायचं असे. त्याला हार्डवेअरवाल्या सहकाऱ्याची वाट पाहत थांबावं लागे. आणि प्रोसेसर नको असलेल्या ग्राहकाला त्या जागेचे पैसे तरीही मोजावे लागत.

अल्टेराच्या एक्सकॅलिबरवर हा आक्षेप पुरता लागू होत नाही. तिच्याजवळ संसार बऱ्यापैकी होता. तिला काळ नडला. कोरलेला प्रोसेसर एका विशिष्ट उत्पादनतंत्रासाठी काढलेला असतो. एफपीजीएची नवी पिढी दर दोन वर्षांनी येते, आणि प्रत्येक वेळी प्रोसेसर नव्या तंत्रावर नव्याने उतरवायचा म्हणजे मोठा खर्च आणि मोठा उशीर. एक्सकॅलिबरचं तर्कमंडल एपेक्स-२०केई या घराण्याचं होतं, आणि ती ग्राहकांपर्यंत पोहोचेतो अल्टेराच्याच नव्या चिप पुढे गेल्या होत्या. निऑसला ही अडचण नव्हती. तो मजकूर होता. नवी चिप आली की मजकूर पुन्हा संकलित करायचा. एक्सकॅलिबरला वारस मिळाला नाही. पुढची दहा वर्षं अल्टेराने आपलं वजन निऑसच्या पारड्यात टाकलं.

झायलिंक्स थोडी जास्त चिकाटीची निघाली. व्हर्टेक्स-४च्या एफएक्स शाखेत पॉवरपीसीला सहायक मंडल जोडण्याची सोय आली. २००८च्या व्हर्टेक्स-५ एफएक्सटीमध्ये पॉवरपीसी ४४० आला, ५५० मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा. २००९च्या व्हर्टेक्स-६मध्ये कोरलेला प्रोसेसरच नव्हता. सात वर्षांचा प्रयोग तिथे थांबला.

या सगळ्या हेलकाव्यांचा आलेख पाहायचा तर रेडिओ दुर्बिणींच्या पाठीमागच्या खोल्यांत पाहावा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून सुरू झालेल्या ‘कॅस्पर’ या सहकार्याने जगभरच्या दुर्बिणींसाठी एफपीजीएचे सामायिक बोर्ड तयार केले. त्यांच्या आयबॉब या बोर्डावर व्हर्टेक्स-टू प्रो होती आणि देखरेखीचं काम तिच्यातला पॉवरपीसी करी. त्यानंतर ‘रोच’ हा बोर्ड आला. त्यासाठी निवडलेल्या व्हर्टेक्स-५च्या चिपमध्ये गुणाकाराची मंडलं भरपूर होती, कारण दुर्बिणीला तीच हवी असतात. पण त्या शाखेत कोरलेला प्रोसेसर नव्हता, म्हणून बोर्डावर पॉवरपीसी वेगळ्या चिपच्या रूपात बसवला आणि त्यावर लिनक्स चालवलं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण आहे. तिच्या अद्ययावतीकरणात अँटेनांचे संकेत अंकांत बदलून, पुडक्यांत बांधून पुढच्या संगणकांकडे पाठवण्याचं काम या रोच बोर्डांकडेच आलं. दक्षिण आफ्रिकेत २०१८मध्ये उद्घाटन झालेल्या मीरकॅटच्या ६४ तबकड्यांसाठी पुढचा ‘स्कारॅब’ हा बोर्ड वापरला गेला, आणि त्यात देखरेख सोपवली गेली ती मायक्रोब्लेझ या सॉफ्ट कोअरकडे. कोरलेला, मग बाहेरचा, मग लिहिलेला, अशी तीन उत्तरं एकाच परंपरेच्या अभियंत्यांनी दहा-बारा वर्षांत दिली. प्रत्येक वेळी उत्तर बदललं, कारण हाताशी असलेली चिप बदलली होती.

लिहिलेल्या प्रोसेसरला किती किंमत मोजावी लागते, याचा नेमका अंदाज टोरंटो विद्यापीठाच्या इयन कुऑन आणि जोनाथन रोझ यांनी दिला. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजमापांनुसार, निव्वळ लुकअप टेबलांत उतरवलेलं मंडल थेट सिलिकॉनमध्ये घडवलेल्या मंडलापेक्षा सरासरी ३५ पट जागा खातं, तीन ते साडेचार पट संथ असतं आणि काम करताना सुमारे १४ पट वीज घेतं. हे आकडे सॉफ्ट कोअरच्या विरोधातला सगळ्यात भक्कम पुरावा होता. तरीही ते दशक सॉफ्ट कोअरचंच ठरलं.

कारण बहुतेक ठिकाणी प्रोसेसरकडे जड काम नसतंच. मोटार कधी सुरू करायची, पडद्यावर काय दाखवायचं, तापमान मर्यादेबाहेर गेलं तर कोणाला कळवायचं, अशा कामांना १०० मेगाहर्ट्झ पुष्कळ झाले. जड काम शेजारच्या तर्कमंडलात समांतर चालतं. २००४मध्ये आलेल्या निऑस-टूचे तीन आकार होते: वेगवान, मध्यम आणि अगदी काटकसरी. एका चिपमध्ये हवे तेवढे प्रोसेसर टाकता येत आणि प्रत्येकाला वेगळं काम देता येई. ग्राहकाला स्वतःच्या आज्ञाही जोडता येत, २५६पर्यंत. एखादं समीकरण दर सेकंदाला लाखो वेळा सोडवायचं असेल, तर त्यासाठी खास मंडल रचून तीच प्रोसेसरची नवी आज्ञा करायची. कोरलेल्या प्रोसेसरमध्ये असा हस्तक्षेप करता येत नाही. स्वतः एआरएमनेही २००७मध्ये एफपीजीएसाठी बेतलेला कॉर्टेक्स-एम१ हा गाभा (कोअर) आणला. अग्रगण्य प्रोसेसर कंपनीने सॉफ्ट कोअरला दिलेली ती दाद होती.

याच काळात आणखी एक प्रवाह वाढत होता, आणि दूरवर पाहिलं तर तो जास्त मोलाचा. युरोपीय अवकाश संस्थेत यिरी गायस्लर यांनी १९९७मध्ये लिऑन या प्रोसेसरचं काम सुरू केलं. त्याचा आराखडा स्पार्क या खुल्या प्रमाणाचा होता, आणि त्याचं लेखन सर्वांना वाचायला उपलब्ध केलं गेलं. तोच लिऑन एफपीजीएत उतरवता येई आणि अ‍ॅटमेलने त्याच रचनेवरून अवकाशयोग्य चिपही घडवली. लॅटिस कंपनीने २००६मध्ये मायको-३२ हा आपला गाभा खुल्या परवान्याखाली दिला. त्याचा एक मुक्काम जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत आहे. किलोमीटर-किलोमीटर अंतरावरच्या यंत्रांची घड्याळं एका नॅनोसेकंदाच्या आत जुळवणाऱ्या तिथल्या ‘व्हाइट रॅबिट’ या यंत्रणेत हाच छोटा गाभा एफपीजीएच्या आत बसून वेळेचा हिशेब सांभाळू लागला. सर्नला आपली रचना जगासाठी खुली ठेवायची होती. कंपनीच्या मालकीचा, कुलूपबंद प्रोसेसर आत असता, तर ती खुली राहू शकली नसती.

२०१०च्या आसपास वारं पुन्हा फिरलं. अ‍ॅक्टेलने मार्च २०१०मध्ये स्मार्टफ्यूजन आणली: १०० मेगाहर्ट्झचा कोरलेला कॉर्टेक्स-एम३, सोबत एफपीजीए आणि सेन्सरचे संकेत थेट घेणारी अ‍ॅनालॉग मंडलं. इंटेलने आपला अ‍ॅटम प्रोसेसर आणि अल्टेराची एफपीजीए एका वेष्टनात बांधून पाहिली. झायलिंक्सने एप्रिल २०१०मध्ये आपल्या नव्या मांडणीची घोषणा केली, पुढच्या वर्षी तिला झिंक-७००० हे नाव दिलं आणि २०११च्या डिसेंबरात पहिल्या चिप ग्राहकांकडे रवाना झाल्या. अल्टेराच्या तशाच चिप सायक्लोन-५ आणि अरिया-५ या घराण्यांत वर्षभराने आल्या. दोघांनीही २८ नॅनोमीटर तंत्र घेतलं आणि दोघांनीही एआरएमचे दोन कॉर्टेक्स-ए९ गाभे कोरले.

दहा वर्षांपूर्वी फसलेली गोष्ट आता का जमली? एक कारण तंत्राचं. २८ नॅनोमीटरवर दोन प्रोसेसर गाभ्यांना लागणारी जागा एवढी लहान झाली होती, की ती कोणाला खुपत नव्हती. दुसरं कारण बाजाराचं. फोनांमुळे एआरएमचे कम्पायलर, लिनक्स, डिबगर आणि ते जाणणारे हजारो प्रोग्रॅमर आयते मिळत होते. पण सगळ्यात मोठा बदल मांडणीचा होता. झिंकमध्ये मेमरी कंट्रोलर कोरलेला होता, २५६ किलोबाइट अंतर्गत मेमरी होती, दोन गिगाबिट इथरनेट, यूएसबी, कॅन, सिरियल पोर्ट सगळं कोरलेलं होतं. वीज दिली की आधी प्रोसेसर जागा होई. लिनक्स सुरू करायला एफपीजीएची गरजच नसे. उलट प्रोसेसरच एफपीजीएमध्ये नकाशा उतरवी, आणि हवा तेव्हा बदलीही. तर्कमंडल आता प्रोसेसरच्या आज्ञेत आलं होतं. दोघांमध्ये एएक्सआय हा एआरएमचा प्रमाणित मार्ग होता, आणि एका खास दारातून तर्कमंडलाला प्रोसेसरच्या कॅशमधली ताजी माहितीही मिळे. व्हर्टेक्स-टू प्रोच्या चुकांचा असा मुळापासून केलेला अभ्यास अभियांत्रिकीत विरळाच पाहायला मिळतो.

याचा परिणाम झपाट्याने दिसला. स्लोव्हेनियातल्या मंडळींनी झिंक वापरून रेड पिटाया हा तळहाताएवढा बोर्ड काढला. ऑसिलोस्कोप आणि संकेत-जनक दोन्हींचं काम तो करतो आणि मोजमापं ब्राउझरमध्ये दिसतात. झायलिंक्सच्या ‘पिंक’ या उपक्रमाने पायथॉन जाणणाऱ्या विद्यार्थ्याला एफपीजीएपर्यंत आणलं. एफपीजीए हा हार्डवेअरवाल्यांचाच प्रांत होता. त्यात सॉफ्टवेअरवाल्यांना पहिल्यांदा खुलं दार मिळालं, ते या कोरलेल्या प्रोसेसरमुळे. मोठे खेळाडूही जागे झाले. इंटेलने २०१५मध्ये १,६७० कोटी डॉलर मोजून अल्टेरा घेतली. एएमडीने २०२०मध्ये झायलिंक्स घेण्याचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२२मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला.

मग सॉफ्ट कोअर मागे पडला का? मुळीच नाही. त्याच्या जागा बदलल्या. मोठं लिनक्स आणि नेटवर्क कोरलेल्या गाभ्यांकडे गेलं. स्वस्त, लहान चिपमध्ये, जिथे कोरलेला प्रोसेसर नसतोच, तिथे लिहिलेलाच राहिला. मोठ्या चिपमध्येही एखाद्या दुव्याची किंवा मेमरीची जुळणी करणारे छोटे गाभे तर्कमंडलात विखुरलेले असतात. संरक्षण आणि विमानविद्येत उपकरणं वीस-तीस वर्षं चालवावी लागतात आणि तेवढ्या काळात प्रोसेसरची चिप बाजारातून नाहीशी होते. रचना मजकुराच्या रूपात असली, तर ती नव्या चिपवर उतरवून जुना प्रोग्रॅम तसाच चालवता येतो.

या आश्वासनाला एक अट आहे, आणि ती अनेकांच्या उशिरा लक्षात आली. मजकूर आपल्या हातात हवा. निऑस-टू आणि मायक्रोब्लेझ सॉफ्ट असले, तरी कुलूपबंद होते. ते त्या-त्या कंपनीच्या चिपमध्येच वापरायचे, आतलं लेखन ग्राहकाला दिसायचं नाही. २०२३मध्ये इंटेलने निऑस-टू बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा वीस वर्षं त्याच्यावर उत्पादनं उभी करणाऱ्यांना नव्या प्रोसेसरकडे वळण्यावाचून पर्याय उरला नाही. लिऑन किंवा मायको-३२ वापरणाऱ्यांवर ही वेळ कोणी आणू शकत नाही.

निऑस-टूची जागा घेणाऱ्या निऑस-व्हीचा आराखडा रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रमाणाचा आहे. बर्कलीत २०१०मध्ये सुरू झालेल्या या प्रमाणाने सॉफ्ट कोअरच्या जगाचा कायापालट केला. कोणालाही परवाना न घेता गाभा लिहिता येऊ लागला. पिकोआरव्ही३२, व्हेक्सरिस्कव्ही असे गाभे आले. ओलोफ किंडग्रेन यांचा सर्व्ह तर एका ठोक्याला एकच बिट हाताळतो. तो इतका लहान आहे, की मोठ्या एफपीजीएमध्ये असे हजारो गाभे एकत्र बसवून दाखवले गेले आहेत. २०२३मध्ये एएमडीनेही मायक्रोब्लेझ-व्ही हा रिस्क-फाइव्हचा गाभा जाहीर केला. कोरलेल्या बाजूलाही हेच प्रमाण पोहोचलं. मायक्रोचिपच्या पोलारफायर एसओसीमध्ये सायफाइव्ह कंपनीचे रिस्क-फाइव्ह गाभे सिलिकॉनमध्येच आहेत, लिनक्स चालवणारे चार आणि देखरेखीचा एक. एकाच आज्ञासंचाचे कोरलेले आणि लिहिलेले प्रोसेसर एकाच चिपवर शेजारी-शेजारी ठेवणं आता शक्य आहे.

भारतात प्रोसेसर घडवू पाहणाऱ्यांसाठी ही लवचिकता चैनीची नव्हती, ती एकमेव वाट होती. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ रिस्क-फाइव्हवर आधारलेला आहे. त्याचे छोटे अवतार एफपीजीएच्या स्वस्त बोर्डांवर कोणालाही चालवून पाहता येतात. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘अजित’ हा प्रोसेसर रचला. त्याने लिऑनप्रमाणेच स्पार्कचा आज्ञासंच निवडला, आणि तो ज्या साधनांनी रचला तीही पवईतच तयार झालेली होती. आधी एफपीजीएत लिहिलेला आणि पारखलेला ‘अजित’ मग चंदीगडजवळच्या सरकारी कारखान्यात १८० नॅनोमीटर तंत्राने सिलिकॉनमध्ये उतरला, आणि २०१९मध्ये त्याची वार्ता देशभर पोहोचली.

लिहिलेला प्रोसेसर पुढे कोरला जाण्याची ही घटना मोठ्या कंपन्यांतही घडली आहे. झिंकचा पुढचा अवतार, झिंक अल्ट्रास्केल-प्लस, २०१५मध्ये आला. त्यात चार कॉर्टेक्स-ए५३ आहेत, दोन कॉर्टेक्स-आर५ आहेत, चित्रांसाठी वेगळा माली गाभा आहे. पण वीज दिल्यावर हे सगळे झोपलेलेच असतात. आधी एक लहान व्यवस्थापक उठतो, विजेचे टप्पे तपासतो, बाकीच्यांना उठवण्याची तयारी करतो. तो तीन प्रतींत चालतो आणि बहुमताने निर्णय घेतो, म्हणजे एका प्रतीत बिघाड झाला तरी काम अडत नाही. हा व्यवस्थापक मायक्रोब्लेझ आहे, आणि इथे तो लुकअप टेबलांत भरलेला नाही. झायलिंक्सने तो सिलिकॉनमध्ये कायमचा कोरला आहे.